डावीकडचा तीन

४ मार्च

दादा,

आधीच सांगते, बाबांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. ते सांगणारही नाहीत. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, आणि तो पीळ तुझ्यातही तस्साच उतरलाय, तेव्हा साळसूदपणाचा आव आणू नकोस. पत्ता तुझ्या मित्राकडून काढला. त्याच्यावर डाफरू नकोस, मी त्याच्या दुकानात ठाण मांडून बसले होते.

तू बॅग उचलून गेलास त्यानंतरचं ऐक. गणित संस्थेच्या भिंतीचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी बसवायचं होतं. चोवीस फरश्या, एकेकीवर एकेक अंक, आणि पहिली, तुझा तीन, अजून बाबांच्या हातात. अंक छिन्नीने कोरलेला नाही, तू तो बाहेरून यंत्रावर काढून आणलास, हे त्यांना खाचेत अंगठा फिरवताच कळलं होतं. तू म्हणालास, कुणाला कळणार आहे? ते म्हणाले, मला कळलं. एवढ्यावर भांडण संपायला हवं होतं. पण तू यंत्रापासून सुरू करून थेट आईच्या आजारपणापर्यंत गेलास, आणि मग त्यांनी तुला दार दाखवलं. दोघांनीही हात धुऊन घेतले, आणि निस्तरायला मी.

मी म्हटलं, बाबा, मी कोरते तीन, दोन तासांचं काम. तर म्हणे, पहिलं अक्षर थोरल्याचं. आपल्या कारखान्याची रीत तुला ठाऊकच आहे. थोरला नाही तर पहिलं अक्षरही नाही, असं म्हणून त्यांनी तुझी फरशी भंगारात टाकली आणि उरलेल्या तेवीस उचलल्या. चोवीसची जागा आखलेली होती. त्यांनी प्रत्येक सांधा केसभर रुंद केला आणि तेवीस फरश्या अशा बसवल्या की जागा पुरून उरली नाही आणि कमीही पडली नाही. एवढा लांब आकडा कोण वाचत बसतंय, असं त्यांचं म्हणणं.

वाचणारी होती ना. काम देणाऱ्या त्या गणिताच्या बाई संध्याकाळी आल्या, चष्मा लावला आणि उजवीकडून एकेक अंक बोटाने मोजत गेल्या. मी मनात म्हटलं, सापडला दगडाखाली हात. शेवटाला पोचल्या, थांबल्या, आणि चक्क हसायला लागल्या.

मग त्यांनी मला व्हरांड्यातच शिकवणी दिली. पूर्ण आकडा ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. पण हिची खोड निराळी. डावीकडचा अंक काढला तर उरलेलीही मूळ. परत डावीकडचा काढा, तरी मूळ. शेवटी नुसता सात उरेपर्यंत काढत जा, कुठेही फुटत नाही. "एरवी असं होत नाही गं," म्हणाल्या. "एकोणसाठ घे. पाच काढ. नऊ उरला. तीन त्रिक नऊ, फुटला. तुझ्या बाबांनी यातला मधला चार काढला असता तर उरलेल्याला तीनाने सरळ भाग गेला असता आणि मी काम परत पाठवलं असतं. त्यांनी नेमका तोच काढला जो काढलेला कळत नाही."

तरी त्यांना तीन हवाच आहे. तीन लागला की ती संख्या पुरी होते, मग तिच्या डावीकडे कुठलाही अंक लावला तरी चालत नाही. सवडीने बसवा म्हणाल्या. तेव्हा मुद्दा असा की तू ये, तीन कोर, हाताने कोर, आणि गिळून टाका दोघं तो राग. काल एका गिऱ्हाइकाने विचारलं, मुलगा दिसत नाही. बाबा म्हणाले, मला मुलगा नाही. बोलताना छिन्नी इतकी वाकडी मारली की एका वेलांटीचं वाटोळं झालं. ती मी निस्तरली.

तुझी कपची


२१ मार्च

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "बाबांनी लिहिलं तर येईन." वा. चार शब्द. एवढी उधळपट्टी बरी नव्हे.

मी ते कार्ड बाबांच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. त्यांनी वाचलं, ताटाखाली सरकवलं आणि जेवले. पण तेव्हापासून त्यांचं छिन्नीकडे लक्ष नाही. परवा मला विचारलं, तिकडे थंडी असते का. कुठे, म्हटलं तर म्हणे, असंच विचारलं. ते वितळताहेत, दादा. त्यांना थोडा वेळ दे. मी लिहून घेते त्यांच्याकडून, तू बघ.

एक गंमत सांगू? गंमत नाही तशी. आपला चहावाला सकाळी येतो तेव्हा "मोठे साहेब कुठे" म्हणून तुझ्याबद्दल विचारेल आणि काय उत्तर द्यायचं याची मी तयारी करून ठेवली होती. त्याने विचारलंच नाही. तीन कप ठेवले आणि निघाला. मी म्हटलं, पूर्वी चार ठेवायचास, चुकल्यासारखं वाटत नाही का तुला? तो म्हणाला, "ताई, तुमच्याकडे कायम तीनच." मी हसले. तोही हसला, पण मी का हसतेय ते त्याला कळलं नव्हतं.

मग कोपऱ्यावरचा लोहार, जो तुझ्या छिन्न्यांना धार लावायचा. त्याला म्हटलं, दादाच्या छिन्न्या राहिल्यात का तुझ्याकडे. तो बराच वेळ आठवत राहिला आणि मग मलाच विचारलं, तुला भाऊ कधी झाला?

लोक तुझी बाजू घेत नाहीत म्हणून मुद्दाम असं वागताहेत असं मला वाटलं. पण लोहार कधी कुणाच्या बाजूने असतो?

कपची


९ एप्रिल

दादा,

आत्याचं सांगते. आई गेल्यावर तुला आणि मला जिने एका ताटात भरवलं, जी तुला "माझा वाघ" म्हणायची, तिला मी विचारलं की तुला दादाची आठवण येत नाही का. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "कोणता दादा?"

मी भडकले. म्हटलं, तूही बाबांच्या गोटात गेलीस का? निदान तू तरी मूग गिळून बसू नकोस. तिने हात पुसले, उठून माझ्या कपाळाला हात लावला आणि ताप बघितला. तिच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. आत्याला खोटं बोलता येत नाही, तिचे कान लाल होतात. कान पांढरे होते.

मग मी गेल्या वर्षीचा फोटो काढला, कारखान्याच्या दारातला, आपण चौघं. तुझा चेहरा कुणी खोडला असेल किंवा कापला असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नाही. फोटोत आम्ही तिघं उभे आहोत, खांद्याला खांदा लावून, दाराच्या बरोबर मधोमध. कुठे फट नाही. कुणीतरी आम्हाला केसभर केसभर सरकवून नीट बसवल्यासारखे.

तुझ्या खोलीत पाय टाकायची छाती होत नव्हती, तरी गेले. बाबांनी तुझं सामान फेकलं असतं तर बरं झालं असतं. तिथे जुने लाकडी साचे रचलेत, छतापर्यंत, आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षांची धूळ आहे. बोटाने रेघ ओढली तर खाली आणखी धूळ. तू जाऊन महिना झाला. एवढी धूळ आणली कुणी?

भंगारात तुझी फरशी मात्र होती. ती उचलून मी थेट संस्थेत गेले. गणिताच्या बाईंना म्हटलं, हा तीन आणलाय, यंत्राचा का असेना, बसवून घ्या. त्या म्हणाल्या, कुठे बसवू? आपण तेवीस अंकच सांगितले होते. त्यांनी मागणीचा कागद दाखवला. तेवीस. सही त्यांचीच. मी म्हटलं, बाई, तुम्हीच मला चोवीस अंकांचं सांगितलंत ना, याच व्हरांड्यात. त्या शांतपणे म्हणाल्या, चोवीस अंकांची पुरी संख्या आहेच की, पुढे तीन लागतो, खरं आहे. पण आम्ही ही मागितली.

"पण अपूर्ण संख्या कुणी कशाला मागेल?" मी विचारलं.

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "अपूर्ण? कुठे अपूर्ण आहे? तपासून बघ हवं तर. कशानेच भाग जात नाही."

मी त्या भिंतीसमोर उभी राहून दुखरी जागा शोधत होते. दात पडला की जीभ तिथे जाते ना, तशी. सांधे सगळे सारखे होते. पाच जणू पहिल्यापासूनच पहिला होता. परत येताना मला रस्त्यात रडू आलं आणि लोक बघत होते, बघू देत.

बाबांना अजून आठवतंय. हे सगळ्यात महत्त्वाचं. ते तुझं नाव घेत नाहीत, पण घेत नाहीत हे मला दिसतं. त्यांनी लिहावं म्हणून मी मागे लागलेय. तू तुझा हट्ट सोडलास तर अजून बरं.

कपची


३० एप्रिल

दादा,

झालं. की नाही झालं, ते तूच ठरव.

रविवारी दुपारी बाबांनी स्वतःहून कागद मागितला. पेन मागितलं. आत्या झोपली होती. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. बाबा खिडकीपाशी बसले, चष्मा पुसला, आणि सावकाश म्हणाले, "त्याला लिहितो की यंत्र आण. मी बघेन चालवून. हाताने शेवटचा हात मारू देशील मला, एवढं कबूल कर म्हणावं." आठवलं तेवढं जसंच्या तसं लिहितेय. माझे बाबा, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाला मीच चुकलो असं म्हटलेलं नाही, ते हे म्हणाले.

आणि पेन टेकवलं. वर डावीकडे त्यांनी एक अक्षरही काढलं नाही. पेन कागदावर ठेवून बसून राहिले. मला वाटलं, शब्द जुळवताहेत. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय लिहायला बसलो होतो गं मी?"

मी म्हटलं, पत्र.

"कुणाला?"

मी म्हटलं, दादाला. तुमच्या मुलाला.

ते हसले. रागाचं हसू नाही, आपल्या लहानपणी आपण काही वेड्यासारखं बोललो की हसायचे ते. म्हणाले, "म्हातारा मी झालोय आणि विसरतेयस तू." मग कागदाची घडी घालून खिडकीच्या डगमगत्या पायाखाली, म्हणजे टेबलाच्या पायाखाली, सारली. बघ, माझंही लिहिणं कसं होतंय.

संध्याकाळी नवीन काम आलं, एका शाळेची पाटी. बाबा म्हणाले, पहिलं अक्षर तू घे, नेहमीप्रमाणे. मी म्हटलं, बाबा, मी दुसरं घेते, पहिलं थोरल्याचं. ते म्हणाले, थोरली तूच, धाकटी तूच, एकुलत्या एक लेकराला निवड कसली? आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातात इतकी माया होती की मी पहिलं अक्षर कोरलं. मला माफ कर.

आता ते लिहिणार नाहीत. त्यांनी लिहिलं तर येईन म्हणाला होतास. ती अट मी मोडीत काढली असं समज. त्यांचे शब्द मी वर लिहिलेत, तेच त्यांचं पत्र. निघून ये.

कपची


१८ मे

दादा,

मी दादा म्हणते म्हणजे तू माझ्याहून मोठाच असणार, नाही का. आज सकाळी हे असं मोजून काढावं लागलं. हसू नकोस. किंवा हस, पण येऊन हस.

मला आठवतंय ते असं. तू जिना दोन दोन पायऱ्यांनी चढायचास. तुला कांदा आवडत नव्हता, की मला? छिन्नी कशी धरायची ते मला तू शिकवलंस. पुढचं वाक्य "बाबांनी शिकवलं" असं लिहायला हात जात होता, आणि आता दोन्ही खरं वाटतंय. तुझा आवाज मी काल दिवसभर शोधला. पाठ दिसते तुझी, दारातून बाहेर जाताना, बॅग उजव्या हातात. वळून बघितलंस की नाही?

तुला लिहायला बसले की थोडं परत येतं. म्हणून लिहितेय. पलंगाशेजारच्या भिंतीवर मी खडूने लिहून ठेवलंय, मला भाऊ आहे. ते पुसलं जात नाही. रोज सकाळी तिथेच असतं. फक्त वाचताना वाटतं, हे आधीच्या भाडेकरूने लिहिलं असेल.

आमच्याकडे भाडेकरू कधीच नव्हते.

घरात सगळं इतकं चांगलं चाललंय, दादा. बाबा गुणगुणतात. आत्याचं डोकं दुखायचं थांबलं. भांडण नाही, अबोला नाही, जेवताना कुणाकडे बघायचं टाळावं लागत नाही. मीसुद्धा परवा पोट धरून हसले आणि नंतर आठवलं की मला कसलं तरी दुःख होतं. मला फार भीती वाटते. तुला विसरेन याची तर वाटतेच, पण विसरल्यावर मला बरं वाटेल, याची जास्त वाटते.

तो तीन फक्त तूच कोरायला हवास. दुसऱ्या कुणी कोरून भागणार नाही, मी करून बघितलं. माझा तीन चांगला आला होता, बाई नाही म्हणाल्या, बाबांनी विचारलं, हा कशासाठी?

अजून मला ठाऊक आहे की काहीतरी कमी आहे. मी आहे तोवर ये. राग नंतर धर, आयुष्य पडलंय रागाला.

कपची (हे तुलाच कळेल, बाकी कुणी मला या नावाने हाक मारत नाही)


६ जून

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपण आमच्या कारखान्यात आला होतात, तेव्हा बाकावर ठेवून गेलेल्या पत्रांचा गठ्ठा सोबत परत पाठवत आहे. आपण जाताना पत्ता दिलात हे बरं झालं, नाहीतर कुठे शोधणार होतो आम्ही आपल्याला.

त्या दिवशी मी हसले त्याबद्दल क्षमा करावी. अनोळखी माणूस दारात उभा राहून एकदम "उशीर झाला का गं" म्हणाला तर कुणीही गडबडेल. आमच्या दाराची चौकट बुटकी आहे, नवीन माणूस हमखास डोकं आपटून घेतो. आपण न बघता वाकून आत आलात, याचं आत्याला अजून नवल वाटतं.

बाबांनाही वाईट वाटलं. आपण त्यांच्या पायाशी बसून, मी तुमच्या पत्राची वाट बघायला नको होती, असं परत परत म्हणत होतात, आणि त्यांना आपलं सांत्वन कसं करावं ते कळेना. ते तसे अबोल आहेत. आपण छिन्नी मागितलीत तेव्हा त्यांनी ती दिली, एरवी ते स्वतःच्या छिन्नीला कुणाला हात लावू देत नाहीत. आपण कोरलेल्या तीनात त्यांनी बराच वेळ अंगठा फिरवला. "हात फार चांगला आहे, कुणाकडे शिकलात?" हे त्यांनी खरंच कौतुकाने विचारलं होतं. त्याचं आपल्याला इतकं का लागलं ते आमच्या लक्षात आलं नाही.

ती फरशी मी संस्थेत नेऊन दाखवली. तिथे जागा नाही. बाई म्हणाल्या, काम सुरेख आहे, पण आमचा आकडा पूर्ण आहे. फरशी वेगळ्या पार्सलने पाठवते आहे.

परत करण्याआधी पत्रं वाचली, याबद्दल रागावू नये. अक्षर माझ्यासारखंच आहे, हे मला नाकबूल करता येणार नाही. आत्या म्हणते, एका चेहऱ्याची सात माणसं असतात जगात, तसंच अक्षराचंही असेल. आपल्याला कुणीतरी चुकीचा पत्ता दिला एवढंच मला दिसतं. आम्ही तिघं आहोत आणि पहिल्यापासून तिघंच आहोत. कुणाशी आमचं वैर नाही. काही कमी नाही.

पण ती जी कोणी आहे, तिची पत्रं वाचून मला दिवसभर काम सुचलं नाही. शेवटच्या पत्रात तिला फार थोडं आठवत होतं. तिला आपल्याशिवाय कुणी नाही असं दिसतं, आणि आपण इथे आमच्याकडे वेळ घालवलात. कृपा करून आता तरी थांबू नका. जिथे असेल तिथे तिला शोधा, आणि ती भेटली की मला एका ओळीचं कार्ड टाका, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

आपली नम्र,
पाट्या कोरणारी